विद्यालयाचें आवार आणि उरलेल्या वस्तूंचा हिशेब

विद्यालयांत आपण नानाविध विषयांचा अभ्यास करतों. गणितांत संख्यांचे व्यवहार शिकतों, भूगोलांत नद्यांचीं उगमस्थानें पाठ करतों, शास्त्राच्या तासाला पदार्थांचीं रूपांतरें पाहतों. परंतु ज्या वस्तू आपल्या हातांतून रोज सुटतात त्या पुढें कोठें जातात, हा प्रश्न सहसा कोणत्याही तासाला विचारला जात नाहीं. गोदावरीचा उगम ज्यास बिनचूक सांगतां येतो अशा विद्यार्थ्यास आपल्याच वर्गांतील टोपलीचा शेवट मात्र सांगतां येत नाहीं. शाळा सुटते, झाडू फिरतो, दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्ग स्वच्छ दिसतो. आणि स्वच्छ दिसणें म्हणजेच स्वच्छ असणें, असा आपला समज होऊन बसतो. या समजाची थोडी चिकित्सा करावी, आणि शाळा, महाविद्यालय व वसतिगृह यांच्या आवारांत निर्माण होणारा कचरा कमी कसा करतां येईल याचा साधार विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कचरा म्हणजे काय तें पाहूं. केळ्याची साल हा कचरा आहे काय? गाईपुढें ठेवली तर ती चारा होते, खड्ड्यांत पुरली तर खत होते. एका बाजूनें लिहिलेला कागद कचरा आहे काय? त्याच्या कोऱ्या बाजूवर कच्चें गणित करतां येतें, आणि दोन्ही बाजू भरल्यावर रद्दीवाला त्याचे पैसे देतो. काचेची रिकामी बाटली धुतली तर पुन्हां भरतां येते. आतां या तिन्ही वस्तू एकाच टोपलींत टाका, त्यांवर उरलेला अर्धा पेला चहा ओता, आणि रात्रभर तसेंच राहूं द्या. सकाळीं कागदाचा लगदा झालेला दिसेल, साल त्या लगद्यास चिकटलेली असेल, आणि बाटलीस कोणी हात लावूं इच्छिणार नाहीं. आदल्या दिवशीं ज्यांना किंमत होती अशा तीन वस्तू नाहींशा झाल्या, आणि त्यांच्या जागीं कचरा नांवाची चौथी वस्तु जन्मास आली. यावरून असें दिसतें कीं, कचरा ही वस्तूची जात नसून अवस्था आहे, आणि ती अवस्था बहुतकरून मिसळण्यानें येते. हें एक तत्त्व ज्यानें मनांत पक्कें धरलें त्यास पुढील सर्व विवेचन सोपें जाईल.

विद्यालयाच्या आवारांतून निघणाऱ्या वस्तूंचे स्थूलमानानें चार वर्ग पडतात. पहिला वर्ग ओल्या, म्हणजे कुजणाऱ्या वस्तूंचा: वसतिगृहाच्या मेसमधील उष्टें व भाजीचीं देठें, उपाहारगृहांतील चहाचा चोथा, आणि झाडांखालचा पालापाचोळा. दुसरा वर्ग सुक्या वस्तूंचा: कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच आणि पत्रा. तिसरा वर्ग आरोग्यासंबंधीं वस्तूंचा: वापरलेले सॅनिटरी पॅड, जखमेच्या पट्ट्या वगैरे. चौथा वर्ग धोकादायक वस्तूंचा: बॅटरीचे सेल, पारा असलेले नळीचे दिवे, मोडके संगणक आणि प्रयोगशाळेंतील रसायनें. इ. स. २०१६ मध्यें केंद्र सरकारनें घनकचऱ्यासंबंधीं जे नियम केले, त्यांत ओला, सुका व घरगुती धोकादायक असा भेद जेथल्या तेथेंच करावा असें सांगितलें होतें. दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांस त्या नियमांनीं मोठे कचरा-उत्पादक ठरविलें, आणि त्यांत शाळा, महाविद्यालयें, विद्यापीठें व वसतिगृहें यांचीं नांवें स्पष्टपणें घातलीं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें विद्येचें मंदिर आणि भाजीचा बाजार हीं एकाच पंक्तीस बसलीं. विद्यार्थ्यांनीं याचा राग मानूं नये. हिशेब मात्र करावा.

तो हिशेब आपण कागदापासून आरंभूं. ज्यास बाजारांत ए-४ म्हणतात त्या आकाराचे १६ कागद एकमेकांस जोडले तर सुमारें एक चौरस मीटर होतो. एका चौरस मीटरास ८० ग्रॅम वजनाचा कागद घेतला तर एक कागद ५ ग्रॅम भरतो, आणि ५०० कागदांचें रीम अडीच किलो भरतें. आतां समजा, एका महाविद्यालयांत २,००० विद्यार्थी आहेत. प्रत्येकास वर्षांत ५ प्रकल्प-अहवाल द्यावे लागतात. आणि प्रत्येक अहवालास एकाच बाजूनें छापलेले २० कागद लागतात. गुणाकार केला तर २ लक्ष कागद होतात, म्हणजे ४०० रीमें, म्हणजे बरोबर १,००० किलो. "अहवाल दोन्ही बाजूंनीं छापलेला चालेल" एवढें एक वाक्य सूचना-फलकावर लिहिलें तर वर्षाकांठीं यांतील ५०० किलो कागद वांचतो. त्यासाठीं समिति नको, वर्गणी नको, मिरवणूक नको.

या अहवालांच्या संबंधांत एक विसंगति येथेंच नमूद केली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें इ. स. १९९१ मध्यें पर्यावरणाचें शिक्षण सर्व पायऱ्यांवर द्यावें असा आदेश दिला. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवीच्या सर्व शाखांसाठीं सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम तयार करविला आणि इ. स. २००३ च्या सुमारास तो लागू झाला. हेतु उत्तम होता. परंतु त्या विषयाचा प्रकल्प-अहवालसुद्धां पुष्कळ ठिकाणीं चकचकीत प्लॅस्टिकच्या आवरणांत गुंडाळून सादर केला जातो, गुण मिळाले कीं कपाटांत पडतो, आणि कपाट भरलें कीं गाडींत जातो. विषय पुस्तकांत आला, पण आवारांत उतरला नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण शोधावयास नको.

आतां ती गाडी कोठें जाते तें पाहूं. मुंबईचें उदाहरण घेतलें तर देवनार येथील कचराभूमि इ. स. १९२७ पासून वापरांत आहे. आरंभीं ती वस्तीपासून दूर होती. पुढें शहरच तिच्या भोंवतीं वाढलें, आणि कचऱ्याचे डोंगर व माणसांचीं घरें यांच्यामध्यें फारसें अंतर उरलें नाहीं. अशा डोंगराच्या पोटांत हवा पोंचत नाहीं. हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु तेथें उष्ट्या अन्नाचें विघटन करतात, आणि त्यांतून मिथेन नांवाचा वायु निघतो. हा वायु ज्वालाग्राही आहे. शिवाय शंभर वर्षांचा काळ हिशेबास धरला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या मानानें तो पृथ्वीची उष्णता सुमारें २८ पट अडवून धरतो. पावसाळ्यांत त्याच ढिगांतून झिरपणारें काळें पाणी जमिनींत मुरतें. जानेवारी २०१६ मध्यें देवनारास मोठी आग लागली, आणि धूर इतका पसरला कीं आसपासच्या कांहीं शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शहरांतील इतर घरांदारांच्या कचऱ्याबरोबर शाळांतून निघालेला कचराही त्या डोंगरांत होता. तोच एके दिवशीं धुराच्या रूपानें शाळांच्या खिडक्यांतून परत आला. "टाकून दिलें" असें आपण म्हणतों तेव्हां वस्तु पृथ्वीबाहेर जात नाहीं. ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारांत जाते.

दारांत जाते, त्याप्रमाणें ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातांतही जाते. या हातांचा इतिहास महाराष्ट्रापुरता सांगावयाचा तर त्याचा एक धागा विद्यापीठापाशींच येऊन पोंचतो. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं इ. स. १९१६ मध्यें स्थापिलेलें महिला विद्यापीठ पुढें श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी या नांवानें प्रसिद्धीस आलें. त्या विद्यापीठाच्या पुणें येथील प्रौढ-शिक्षण विभागांतील कार्यकर्त्यांनीं इ. स. १९९० च्या सुमारास कचरा वेंचणाऱ्या स्त्रिया व त्यांचीं मुलें यांच्यांत काम आरंभिलें. अक्षरें शिकवावयास गेलेल्यांस तेथें दुसराच धडा शिकावयास मिळाला. कागद, काच आणि पत्रा यांचे दाम येतात हें त्या स्त्रियांस कोणी शिकवावयास नको होतें. त्यांचे खरे श्रम होते ते उष्ट्यांतून, चिखलांतून व फुटक्या काचांतून त्या वस्तू निराळ्या काढण्याचे. लोकांनीं आपापल्या घरींच ओलें व सुकें वेगळें ठेवलें तर काम हलकें होतें, वस्तु स्वच्छ मिळते, आणि कमाईही वाढते. इ. स. १९९३ मध्यें डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळानें या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली, आणि तिनें आपलें नांव "कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत" असें ठेवलें. ज्या तीन वस्तूंवर आपण पायही देत नाहीं त्यांचीं नांवें या संघटनेनें मानानें आपल्या माथ्यावर घेतलीं. पुढें इ. स. २००८ मध्यें त्यांतूनच "स्वच्छ" नांवाची कष्टकऱ्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली, आणि पुणें महानगरपालिकेच्या क्षेत्रांत घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचें काम तिच्या सभासदांनीं पत्करलें.

या संस्थेनें लोकांस केलेली एक विनंति लहान दिसते, परंतु तिच्यांत मोठें नीतिशास्त्र भरलें आहे. वापरलेला सॅनिटरी पॅड वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळावा आणि पुडीवर तांबड्या शाईचा एक ठिपका काढावा, म्हणजे ती पुडी हातानें उघडून पाहण्याची वेळ कोणावर येणार नाहीं. एका ठिपक्यास किती श्रम पडतात? परंतु तो ठिपका काढणाऱ्या व्यक्तीनें, आपल्यामागें येणारा हात मनश्चक्षूंपुढें आणलेला असतो. फुटलेली काच कागदांत बांधून वर "काच" असें लिहिणें, खडूच्या डब्यांत ब्लेड न टाकणें, प्रयोगशाळेंतील उरलेलें आम्ल मोरींत न ओतणें, हे सगळे त्याच ठिपक्याचे बंधु होत.

येथपर्यंत सुक्या वस्तूंचा व त्या उचलणाऱ्या हातांचा विचार झाला. परंतु वसतिगृह असलेल्या आवारांत वजनानें भारी असतात त्या ओल्या वस्तू. त्यांच्या बाबतींत आपणांस परदेशीं धांव घेण्याचें कारण नाहीं. मराठी मनुष्यास जवळच्या अशा इंदूर नगरींतच त्यांचें शास्त्र पद्धतशीर मांडलें गेलें. इ. स. १९२४ पासून १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड हे शास्त्रज्ञ तेथील वनस्पति-संशोधन संस्थेचे चालक होते. होळकर संस्थानांतील या संस्थेच्या शेतावर कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा व गोठ्यांतील घाण यांचा ढीग रचून उत्तम खत कसें होतें याचे त्यांनीं प्रयोग केले, आणि इ. स. १९३१ मध्यें यशवंत वाड या सहकाऱ्याच्या समवेत तें सर्व ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. जगभर ही रीति "इंदूर-पद्धति" म्हणून ओळखली जाते. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हे प्रयोग एका विद्यासंस्थेच्या आवारांत झाले, आणि त्यांचें मुख्य द्रव्य होतें तें इतरांनीं टाकाऊ ठरविलेलें.

त्या पद्धतीचें रहस्य समजण्यास फार रसायनशास्त्र लागत नाहीं. कुजविणाऱ्या जंतूंस दोन प्रकारचें अन्न हवें असतें: कार्बन आणि नायट्रोजन. वाळलेलीं पानें, काड्या व कागद यांत कार्बन विपुल असतो. उष्टें अन्न, हिरवा पाला व शेण यांत त्या मानानें नायट्रोजन अधिक असतो. आरंभीं कार्बनाचे सुमारें ३३ भाग व नायट्रोजनाचा १ भाग असें प्रमाण साधलें, तर कुजणें नीट चालतें, आणि खत तयार होईपर्यंत तें प्रमाण सुमारें १० भागांस १ असें उतरतें, असें हॉवर्ड व वाड यांस आढळलें. ढिगास हवा लागते म्हणून तो मधून मधून खालींवर करावा लागतो. इंदूरास तो तीन वेळां उलटीत, आणि सुमारें ९० दिवसांत खत तयार होई. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. जंतूंच्या श्वसनानें ढीग आंतून चांगलाच तापतो, आणि त्या उष्णतेनें तणाचें बीं व रोगजंतु बहुतांशीं मरतात. खताच्या खड्ड्यास दुर्गंधी सुटली कीं पुष्कळ संस्था तो बुजवून टाकतात. वस्तुतः दुर्गंधी ही खड्ड्याची तक्रार असते. हवा कमी पडली किंवा पाणी अधिक झालें, एवढाच तिचा अर्थ. वाळला पाला मिसळून ढीग उलटला कीं ती थांबते.

आतां आपल्या आवाराकडे पाहा. एका कोपऱ्यांत झाडांखालीं वाळलेल्या पानांचा ढीग पेटविलेला असतो, आणि दुसऱ्या कोपऱ्यांत मेसचें उष्टें पिंपांत आंबत असतें. एकापाशीं कार्बन आहे, दुसऱ्यापाशीं नायट्रोजन. दोघांची गांठ घालून देणारा मात्र कोणी नाहीं! पाला जाळण्यानें धूर होतो तो वेगळाच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें डिसेंबर २०१६ मध्यें उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि दंडही ठरविला. दंडाचें भय असो वा नसो, जें खत बागेंत घालावयाचें तें जाळून पुन्हां बाजारांतून खताचीं पोतीं विकत आणणें, यांत शहाणपण कोणतें?

उष्ट्याचा दुसराही उपयोग आहे. पुण्याच्या अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेंत डॉ. आनंद कर्वे यांनीं, शेणाऐवजीं पिष्टमय उरल्यासुरल्या अन्नावर चालणारें एक आटोपशीर बायोगॅस-यंत्र सिद्ध केलें, आणि इ. स. २००६ मध्यें त्या कामास इंग्लंडमधील अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला. त्यामागील विचार फार सुंदर आहे. शेण म्हणजे जनावरानें आधींच पचविलेलें अन्न. त्यांतील सत्त्व पुष्कळसें निघून गेलेलें असतें. शिळा भात, पिठाचा कोंडा, खराब झालेलीं फळें यांतील सत्त्व मात्र तसेंच शाबूत असतें. म्हणून थोड्या अन्नापासून अधिक वायु मिळतो. जो मिथेन देवनारासारख्या ठिकाणीं आग लावतो, तोच नळींतून आणला तर चहाचें आधण ठेवतो.

तथापि खत व वायु यांच्या कौतुकांत एक मूळची गोष्ट विसरूं नये. भाताचें खत करणें चांगलें. परंतु भात हा खतासाठीं पिकविला जात नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-कार्यक्रमानें इ. स. २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न घरें, खानावळी व दुकानें यांतून वायां गेलें. ग्राहकांपर्यंत पोंचूं शकणाऱ्या अन्नाचा हा जवळजवळ पांचवा हिस्सा होय. एवढी मोठी संख्या डोळ्यांपुढें येत नाहीं, म्हणून लहान घेऊं. एका वसतिगृहांत ३०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकजण प्रत्येक जेवणाला फक्त ५० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन घांस, पानांत टाकतो असें समजूं. दोन वेळां मिळून दिवसाचे ३० किलो झाले. वर्षांतील २०० दिवसांचे ६,००० किलो झाले. सहा टन अन्न, आणि तेंही दोन-तीन घांसांच्या हिशेबानें! यावर उपाय सोपे आहेत. पहिल्या वाढपास थोडें वाढावें व पुन्हां मागण्यास संकोच वाटूं देऊं नये. कोणत्या दिवशीं किती जण जेवावयास नाहींत याची नोंद आदल्या रात्रीं घ्यावी. आणि उष्ट्याचें रोजचें वजन मेसच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावें. फळ्यावरील आंकडा कोणास रागें भरत नाहीं, आणि कोणास सोडीतही नाहीं.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. आधीं कमी घ्यावें. मग घेतलेलें पुन्हां पुन्हां वापरावें. मोडलें तर दुरुस्त करावें. आणि अगदीं शेवटीं त्याचें रूपांतर करावें. आपण हा क्रम बहुधा उलटा चालवितों. स्नेहसंमेलनांत पाण्याच्या हजार बाटल्या आणतों, आणि त्यांसाठीं निराळी टोपली ठेवली म्हणून समाधान मानतों. कागदी पेले घेतले म्हणजे पाप टळलें असेंही पुष्कळांस वाटतें; परंतु त्या पेल्यांस आंतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते धड रद्दींत जात नाहींत, धड खतांत जात नाहींत. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें, आणि केंद्र सरकारनें १ जुलै २०२२ पासून, एकदांच वापरून टाकावयाच्या अनेक प्लॅस्टिकच्या वस्तूंस बंदी केली. शोभेसाठीं वापरावयाचें थर्मोकोलही केंद्राच्या यादींत होतें. तथापि कायद्यानें बंद केलेली वस्तु सोडणें हा किमान धर्म झाला. स्टीलचे पेले विकत घेऊन ते दरवर्षीं वापरणें हा त्यापुढचा. पेले धुण्यास पाणी लागतें हें खरें, आणि कापडी पिशवी तयार करण्यासही द्रव्य खर्चतें हेंही खरें; म्हणूनच पेला व पिशवी वर्षानुवर्षें वापरली तरच त्यांत लाभ आहे. दर समारंभास नवी कापडी पिशवी वाटणें हा काटकसरीचा देखावा मात्र होईल.

पाणी व वीज यांचाही समावेश याच हिशेबांत होतो, कारण वायां गेलेल्या वस्तूचा ढीग दिसला नाहीं तरी तो असतोच. नळांतून सेकंदास एक थेंब गळत असेल, आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी जातें. असे दहा नळ असले तर वर्षांत सुमारें पावणेसोळा हजार लिटर. रिकाम्या वर्गांत ७५ वॅटचे चार पंखे एक तास फिरले तर पाव युनिटाहून अधिक वीज कोणासही वारा न देतां खर्च होते. नळाचा वायसर बदलण्यास आणि वर्ग सोडतांना बटन दाबण्यास पर्यावरणशास्त्राची पदवी लागत नाहीं.

आतां या सर्वांचा अभ्यास विद्यार्थ्यांनीं स्वतः कसा करावा तें सांगतों. एक आठवडा निवडावा. भंगारवाल्याकडे असतो तसा एक साधा काटा मिळवावा. चार वर्गांसाठीं चार पिंपें ठेवावीं, आणि रोज सायंकाळीं हातमोजे घालून प्रत्येकाचें वजन करून वहींत उतरावें. पहिल्या आठवड्यांत व्याख्यान देऊं नये, फलक लावूं नये. कारण मोजणी चालू आहे हें कळतांच वागणूक बदलते, आणि आपणांस खरा आंकडा मिळत नाहीं. आठवड्याच्या अखेरीस एकूण वजनास विद्यार्थ्यांच्या संख्येनें भागावें, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास किती ग्रॅम येतात तें कळेल. मग सर्वांत जड पिंप कोणतें तें पाहावें आणि पुढील महिनाभर त्या एकाच पिंपावर उपाय करावा. महिन्यानंतर पुन्हां वजन करावें. आंकडा उतरला तर उपाय खरा. न उतरला तर उपाय बदलावा. शास्त्राच्या तासाला ज्यास प्रयोग म्हणतात तो हाच. आणि एक दिवस गाडीच्या मागें शेवटपर्यंत जाऊन पाहावें. कित्येक संस्थांत हिरवी व निळी अशा दोन टोपल्या दाराशीं मोठ्या डौलानें उभ्या असतात, आणि मागल्या फाटकापाशीं दोन्ही एकाच गाडींत उपड्या होतात. असें असेल तर विद्यार्थ्यांच्या शिस्तीस दोष देण्यापूर्वीं संस्थेच्या चालकांनीं ती गाडी सुधारावी. एकदां कां मुलांनीं तें दृश्य पाहिलें, कीं वेगळें ठेवण्यावरील त्यांची श्रद्धा उडते, आणि ती पुन्हां बसविणें फार कठीण.

या विचारावर दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात. पहिला असा कीं, हें काम करण्यास नोकर नेमलेले आहेत. नेमलेले आहेत तें झाडण्यासाठीं; आम्हीं जें मिसळलें तें पुन्हां निवडण्यासाठीं नव्हे. दोन वस्तू वेगवेगळ्या ठेवण्यास आम्हांस एक क्षण लागतो, आणि त्या एकदां मिसळल्या कीं वेगळ्या करण्यास दुसऱ्या मनुष्याची सबंध दुपार लागते. आपला एक क्षण वांचविण्यासाठीं दुसऱ्याची दुपार घेणें यास कोणत्याही पाठ्यपुस्तकांत काटकसर म्हटलेलें नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, सबंध शहर अस्वच्छ असतां एका आवारानें काय होणार? याचें उत्तर असें कीं, विद्यालय हें एका बाबतींत इतर सर्व आवारांहून भिन्न आहे. बाजार, कचेरी व कारखाना यांत तींच माणसें वर्षानुवर्षें असतात. विद्यालयांतून मात्र दरवर्षीं एक वर्ग बाहेर पडतो आणि नवा आंत येतो. जी संवय येथें लागते ती शेंकडों घरांत, दुकानांत व कचेऱ्यांत आपोआप जाते. वाईट संवयही तशीच जाते, हें विसरूं नये.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर मोठा संकल्प सोडण्याची घाई करूं नका. आपल्या शाळेंत वा महाविद्यालयांत सफाईचें काम करणाऱ्या ज्या मावशी किंवा मामा असतील, त्यांना सवड असेल अशा वेळीं जवळ बसून एवढेंच विचारा: "मावशी, आमच्या टोपलीमुळें तुम्हांला सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो?" त्या जें उत्तर देतील तें वहींत लिहून घ्या, वर्गांत वाचून दाखवा, आणि कामास तेथूनच आरंभ करा.